पाचर

पोस्टाच्या टेबलाचा खालचा खण
बावीस वर्षं रुसलेला.
ओढला की टेबलच पुढे सरकायचं
आणि बचतीची पासबुकं आत, अंधारात, निवांत.

गावचा वाढई पोराकडे नागपूरला गेला,
पोरगा प्लायवूडची कपाटं जोडतो.
आरामशीनवाल्याला विचारलं, शिकवता का?
त्यानं करवत थांबवली नाही.
बोट दाखवलं नुसतं, कुठे ते भुशात दिसलं नाही.

मग झनकलाल पोस्टमन,
ज्याच्या सायकलीला तालुक्यातली सगळी कुत्री ओळखतात,
तो म्हणाला, "मॅडम, शुक्रवारी बंद धानगिरणीमागं
पाच-सहा जणं लाकूड घासत बसतात.
विकत नाई, विकत घेत नाई.
काहून बसतात, त्यायलेच पुसा."

गेले.
गिरणीच्या सावलीत हिवराज गहाणे, रिटायर लाइनमन,
औषधाच्या दुकानाचे रहीमुद्दीनभाई,
अंगणवाडीतली फुलवंता, पदर कमरेला, हातात पटाशी,
दहावीत दोनदा अडकलेला एक पोट्टा,
आणि मधोमध, एका डोळ्यात मोतीबिंदू, रेवारामजी.
मी विचारलं, सभासद व्हायला काय लागतं?
सगळे एकमेकांकडे बघत राहिले.
"पुढच्या शुक्रवारची साखर तुमची," रेवारामजी म्हणाले.
झाले मी सभासद.

पहिल्या दिवशी लाकूड मिळालं नाही, खिळे मिळाले.
दंडारीच्या जुन्या मंचातून उपटलेले,
गंजके, वाकडे, डबाभर.
सरळ करायचे.
तिसऱ्या खिळ्यालाच अंगठा निळा.
रेवारामजी हसले नाहीत.
"पोस्टात शिक्का मारता नं?
तसाच मारा. मनगट ढिलं, नजर पक्की."
आणि काय सांगू,
बावीस वर्षं मी ठोकतच होते की,
फक्त खाली लाकूड नव्हतं.

मग वासानं ओळखायला शिकले:
सागाचा तेलकट,
बिजाचा जरा तुरट,
हळदू तर नुसता हातात घेतला तरी बोटं पिवळी.
धावडा वासानं नाही, करवतीच्या कण्हण्यानं.
घरी परतताना केसांत भुसा.
सासूबाई म्हणाल्या, "बाप्पा, पोस्टात का पेरणी करता?"

पाचव्या शुक्रवारी खण काढून नेला,
स्कूटीवर, पायांत धरून, दार धरल्यासारखा.
मला वाटलं आता रंधा चालेल, सालपटं उडतील.
रेवारामजींनी तो मांडीवर घेतला,
गुण्या लावला चारही कोपऱ्यांना,
बोट फिरवलं कडेकडेनं,
आणि परत दिला.
"याच्यात काई दोष नाई."

रविवारी सगळी मंडळी पोस्टात.
फुलवंतानं बशीतला चहा टेबलावर ओतला.
आम्ही सहा जण वाकून बघतोय,
ओघळ निघाला पूर्वेकडे, सावकाश, थेट,
जसा काही पत्ता लिहिलेला.
जमीन खचलेली. मागच्या डाव्या पायाखाली, बोटभर.
टेबल तिरपं, म्हणून खण अडायचा,
आणि शिव्या खायचा तोच.

धावड्याची पाचर मी कापली. माझ्या हातानं.
तीन वाया घालवून चौथी.
लोक म्हणतात, अमक्यानं पाचर मारली,
म्हणजे चाललेलं काम बिघडवलं.
मी मारली, आणि खण
न बोलता, एका बोटानं, पूर्ण बाहेर आला.
रहीमुद्दीनभाईंनी टाळी वाजवली,
पोट्ट्यानं खण आत-बाहेर आत-बाहेर,
शेवटी हिवराजभाऊ ओरडले, "पुरे ना बे!"

आता एवढंच झालंय,
देवरीची एसटी समोरून गेली
की खण आपोआप दोन बोटं उघडतो.
रेवारामजी म्हणतात, पाचर जरा जाड झाली,
शुक्रवारी आणा, घासू.
तीन शुक्रवार झाले.
मी साखर नेते, चहापत्ती नेते.
पाचर विसरते.